फ्रेंच सरांची चूक

एखादी गोष्ट वर्गातल्या सगळ्यांना समजली, की फ्रेंच सरांचा चेहरा पडायचा. खडू खाली ठेवून ते आमच्याकडे असे बघायचे, जणू आम्ही त्यांचा अपमानच केलाय. "सगळ्यांना समजलं? इतक्या लवकर?" ते विचारायचे. "मला तर हे कळायला अख्खा हिवाळा लागला होता!" आणि आम्ही, दिल्लीतल्या एका विद्यापीठाच्या गणित विभागातली हुशार मंडळी, पुन्हा एकदा एकसाथ माना डोलवायचो. त्यात सगळ्यात पुढे मी. सर बोलत असताना मान हलवत राहायची, म्हणजे सर आपल्याला प्रश्न विचारत नाहीत, एवढी एकच गोष्ट मी शाळेपासून पक्की शिकलो होतो. तिच्याच जोरावर एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलो. पुढे सरांच्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेही मान हलवतच.

सर मूळचे फ्रान्समधल्या एका आडगावचे. वडील रेल्वेत सिग्नलवर कामाला. सर पॅरिसला शिकले, ऐन तारुण्यात वाकड्यातिकड्या पृष्ठभागांबद्दल एक प्रमेय सिद्ध करून नाव कमावलं आणि तिथेच प्राध्यापक झाले. पुढे बायको वारली, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, आणि सर एका वर्षासाठी म्हणून दिल्लीला शिकवायला आले ते इथलेच झाले. का राहिलात, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "पॅरिसमध्ये मला फार समित्यांवर घ्यायचे. इथे माझं हिंदी ऐकून कुणी घेत नाही." हिंदी खरंच भयंकर होतं. सगळं भाजीवाल्याकडून उचललेलं. एकदा विभागप्रमुखांकडे सुट्टीचा अर्ज घेऊन गेले आणि हात जोडून म्हणाले, "भैया, थोडा ठीक लगाओ." सुट्टी मिळाली.

ते द्वारकेत आमच्याच सोसायटीत राहायचे, त्यामुळे रविवारचं जेवण आमच्याकडे ठरलेलं. बाबांनी पहिल्या दिवशी आईची ओळख "ही तुमची वहिनी" अशी करून दिली, तेव्हापासून आईपेक्षा चांगले पंधरा-वीस वर्षांनी मोठे असलेले सर तिला वहिनी म्हणायला लागले. थालीपीठ काट्या-सुरीने कापताना बघून आईचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी न राहवून ती म्हणाली, "अहो सर, हाताने खा ना!" पुढच्या रविवारी सर दोन्ही हातांनी जेवले. आईने तेही चालवून घेतलं.

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी. मी स्पर्धा परीक्षा द्यावी, गाडीवर दिवा नसला तरी निदान गाडी यावी, ही त्यांची साधी इच्छा. एकदा जेवताना त्यांनी सरांना विचारलंच, "सर, गणितात आता संशोधन करायचं म्हणजे नेमकं काय? सगळं शोधून झालंय ना?" मला तर पाटाखाली शिरावंसं वाटलं. सर मात्र हातातला घास ठेवून गंभीरपणे म्हणाले, "साहेब, रोज सकाळी उठल्यावर मलाही हीच भीती वाटते." बाबांना हे उत्तर फार आवडलं. ऑफिसात आठवडाभर सांगत होते. मला मात्र त्यांनी सवलत दिली नाही. या वर्षी प्रबंध सादर झाला आणि कॉलेजात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर राजेंद्रनगरला स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायचा, असं ठरलं. तिथे माझ्यापेक्षा लहान मुलांच्या मागच्या बाकावर बसायचं, या कल्पनेनेच माझी झोप उडायची.

माझ्या प्रबंधात सर एकच शब्दप्रयोग हुडकायचे. कुठे "हे उघड आहे" दिसलं, की त्याभोवती लाल गोल. "हे कुणाला उघड आहे? तुम्हाला?" मी मान हलवायचो. "मग सांगा." मग मी फळ्यासमोर उभा राहून घाम पुसायचो. सर म्हणायचे, "माणूस घाबरला की उघड आहे असं लिहितो. खरोखर उघड असतं ते तो लिहीतच नाही." माझ्या पहिल्या मसुद्यात इतके लाल गोल होते, की आईला वाटलं सरांनी रांगोळी काढलीय. पण हळूहळू ते कमी झाले. शेवटी प्रबंध पुरा झाला. तो सगळाच्या सगळा सरांच्या त्या तरुणपणीच्या प्रमेयावर उभा होता. पुढच्या महिन्यात सादर करायचा होता आणि एका कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणंही आलं होतं.

त्याच सुमारास सरांचे गुडघे पार गेले आणि मुलीने त्यांना फ्रान्सला परत बोलावून घेतलं. विभागाने निरोपाचं व्याख्यान ठेवलं. सरांनी विषय घेतला आपलंच ते प्रमेय. सभागृह गच्च भरलं होतं. तिसऱ्या रांगेत आई काठपदराची साडी नेसून, बाबा टाय लावून. सर रंगात आले होते. सिद्धता निम्मी झाल्यावर म्हणाले, "आणि आता हे उघड आहे की..." फळ्यावर एक ओळ लिहून ते वळले. "ठीक?"

सगळ्यांनी माना डोलवल्या. माझीही मान सवयीने निघाली आणि अर्ध्यात अडकली. सरांच्या मूळ सिद्धतेतली ती ओळ मला गेला आठवडाभर छळत होती. ती कळत नाही म्हणजे आपणच मठ्ठ, असं मी धरून चाललो होतो. आजवरचा अनुभव तसाच होता. पण आता ती एवढ्या मोठ्या अक्षरांत समोर आली आणि पहिल्यांदाच वाटलं, चूक कदाचित ओळीचीच असेल. मी चुकत असेन तर भर सभेत शोभा होणार. बरोबर असेन तर प्रबंध गेला, मुलाखत गेली, राजेंद्रनगर आलं. कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी का उठलो, देव जाणे.

"सर," मी म्हणालो, "पृष्ठभाग एका ठिकाणी चिमटलेला असेल तर? म्हणजे... मोदकाच्या शेंड्यासारखा?"

मोदक सरांना आईमुळे चांगला ठाऊक होता. ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी एक मोदक काढला. मग शेंड्यापाशी खडू टेकवून ती ओळ पुन्हा तपासू लागले. विभागप्रमुख घसा खाकरून म्हणाले, "प्रश्न आपण शेवटी घेऊया." सरांनी पाठमोऱ्यानेच हात वर करून त्यांना थांबवलं. मग म्हणाले, "तर मग हे खोटं आहे."

अरे देवा, हे काय करून बसलो मी! ज्या माणसाने मला उभं केलं, त्याचं आयुष्यभराचं नाव त्याच्याच निरोपाच्या दिवशी चारचौघांत धुळीला मिळवलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात सर वळले. ते हसत होते. लहान मुलासारखे हसत होते. "इतकी वर्षं!" ते ओरडले. "इतक्या लोकांनी वाचलं! पॅरिसमध्येसुद्धा सगळे हो म्हणाले!" मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "आणि तुमचा प्रबंध?"

"तोही गेला, सर."

"अरेरे," सर म्हणाले. हा शब्द आईकडून घेतलेला. मग त्यांनी खडू पुढे केला. "या वर. घर दोघांचंही पडलंय. आता बसून काय करणार?"

मग आम्ही दोघं फळ्याशी भांडत राहिलो. लोक उठले, समोसे संपले, विभागप्रमुखांनी हार टेबलावरच ठेवून दिला. आई-बाबा तेवढे बसून होते. परत येताना मेट्रोत मी क्लासच्या फीचा हिशेब करत होतो. द्वारका आल्यावर बाबा म्हणाले, "आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून."

"हं." जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण त्यांनी तुला खडू दिला रे." क्लासचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सर फ्रान्सला गेले. तिकडून व्हिडिओ कॉलवर आमचं काम चालू राहिलं. चिमटा नसेल तर प्रमेय टिकतं, एवढं आम्ही वाचवलं. माझा प्रबंध निम्म्याने आटला, पण उभा राहिला. तो सादर झाला आणि त्याच हिवाळ्यात सरांच्या मुलीचा फोन आला. सर झोपेतच गेले होते.

विभागात शोकसभा झाली. मोठमोठे लोक छान बोलले. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "एवढ्या प्रदीर्घ कारकिर्दीत त्यांच्या गणितात कुणाला एक चूक सापडली नाही."

मी उठलो. "सापडली होती, सर," मी म्हणालो. "मला." सभागृहात चुळबुळ झाली. शोकसभेत असं कुणी बोलतं का! पण आता बोलून बसलो होतो. "आणि ती सापडली तेव्हा त्यांना झाला, तेवढा आनंद मी आजवर कुणालाही झालेला पाहिला नाही."

पुढचं भाषण घरून पाठ करून आणलं होतं. ते तसंच राहिलं. मी खाली बसलो आणि सगळ्या विभागासमोर ढसाढसा रडलो.