आप्पांचं एक वाक्य

पिक्चर कसा होता असं कुणी विचारलं की मी आधी म्हणते, "माझं चुकत असेल, पण..." कॉलेजच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर हे आता सगळ्यांना पाठ आहे. मी तोंड उघडलं की माझी मैत्रीण कप खाली ठेवते आणि म्हणते, "थांबा रे, 'चुकत असेल' आलं. आता कुणाचं तरी मुंडकं उडणार."

मला सिनेमातलं फार कळतं असं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मॉलमधल्या थेटरातही नाही. पहिल्या वर्षी मैत्रिणींनी ओढत नेलं तेव्हा सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला मी घाबरले होते. पण आत अंधार झाला की भीती गेली. तिथं कुणी मला काही विचारत नव्हतं, मी काही बोलायची गरज नव्हती. म्हणून जात राहिले.

मतं मात्र बाहेर आल्यावर फुटायची. मागं एक तलवारींचा मोठा हिंदी पिक्चर आला. लोक डोळे पुसत बाहेर पडले. मी म्हटलं, माझं चुकत असेल, पण त्यातला राजा एकदाही साध्या आवाजात बोलत नाही. बायकोशी बोलतानाही बुरुजावरून बोलल्यासारखा बोलतो. वर्गातला एकजण त्यानंतर बरेच दिवस माझ्याकडं बघायचा नाही. मग एक मराठी पिक्चर, पुण्यातल्या नवराबायकोचा. दोघं सगळा वेळ बाल्कनीत कॉफी पितात आणि आपल्याला काय पाहिजे ते एकमेकांना सांगत नाहीत. आमच्या आईनं मध्यंतराच्या आधीच दोघांना समोर बसवलं असतं आणि सगळे जेवायला मोकळे झाले असते. एक भुताचा विनोदी पिक्चर होता, त्यात भूत आलं की हसू यायचं आणि विनोद आला की भीती वाटायची.

आणि एक होता दक्षिणेकडचा, हिंदीत डब केलेला. माणसाचे ओठ मिटलेले आणि बोलणं चालूच. त्यात एक म्हातारा होता, तोंडात दात नाहीत आणि आवाज तरण्याताठ्या गड्याचा. तो पडद्यावर आला की आम्ही खुर्चीत लोळायचो. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी वळून डोळे वटारले तरी हसू थांबेना. ते हसणं आता आठवलं की मला बरं वाटत नाही.

आमचं गाव जालना रस्त्यावरच्या करमाडहून थोडं आत आहे. शनिवारी मी घरी जाते. संध्याकाळी ओट्यावर बसून पाहिलेल्या पिक्चरची गोष्ट सांगायची, हा आमच्याकडचा नेम झाला होता. आई शेंगा सोलत ऐकते. वडील, म्हणजे आप्पा, मधे बोलत नाहीत. शेवटी एवढंच विचारतात, "खरं सांग बाई, बगन्यासारखा हाये का?" मी नाही म्हटलं की त्यांचं समाधान व्हायचं. पैसे वाचले म्हणून असेल, किंवा आपली लेक कुणाच्या भुलाव्यात येत नाही म्हणून असेल.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात त्याच ओट्यासमोर गाड्या येऊन उभ्या राहिल्या. एका मराठी पिक्चरचं शूटिंग आमच्या शिवारात होणार होतं. शहरातला हिरो आईचं गाव शोधत येतो, अशी काहीतरी गोष्ट. आमच्या मोसंबीच्या बागेजवळच्या फाट्यावर तो एका शेतकऱ्याला रस्ता विचारतो, एवढा एक प्रसंग तिथं घ्यायचा होता. शेतकऱ्याचं काम करायला त्यांनी माणूस आणला होता, पण दिग्दर्शकाला तो पटत नव्हता. तेवढ्यात त्यांच्या ड्रायव्हरनं आप्पांना पाण्याच्या टाकीचा रस्ता विचारला. आप्पांनी सांगितला. दिग्दर्शक उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, हेच तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोलाल का?"

आप्पा नको म्हणाले. "आमचं बोलनं गावठी. लोक हसतेत."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि का पाहिलं ते मला कळलं. पहिल्या वर्षी वर्गात सगळ्यांसमोर बोलायची माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले होते, "गावातले लोक असं सांगतेत की..." मागच्या बाकावरून कुणीतरी "सांगतेत, सांगतेत" असं चाल लावून म्हटलं आणि वर्ग हसला. घरी येऊन मी रडले होते. 'माझं चुकत असेल' तेव्हापासून सुरू झालं. प्रत्येक वाक्याआधी मी ते दाराच्या कडीसारखं वाजवून बघायला लागले.

दिग्दर्शक आप्पांच्या शेजारी उकिडवा बसला. म्हणाला, "काका, हे 'हसतेत', 'सांगतेत', हेच तर मला पाहिजे. यातलं एक अक्षर बदलू नका. याच्यासाठी तर आम्ही एवढ्या लांब आलो." आणि हे त्यानं इतक्या मनापासून म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला.

मी म्हणाले, "बोला ना आप्पा. ते एवढं म्हनतेत तर."

आप्पा उठले. मी म्हटलं म्हणून उठले. डोक्यावर काठीला बांधलेला केसाळ माईक आला तेव्हा त्यांनी वर बघून विचारलं, "हे मांजर खाली पडन का?" सगळे हसले, पण ते हसणं वेगळं होतं. मग हिरोनं गाडीची काच खाली केली, रस्ता विचारला, आणि आप्पा म्हणाले, "कामून, कुटं जायचं तुमाला? सरळ जा. वढ्याच्या पल्याड लिंबाचं झाड लागन. तिथं कुनालाबी इचारा, सांगतेत."

दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. पुन्हा एकदा घेतलं, पुन्हा टाळ्या. जाताना आप्पांना शाल आणि नारळ दिला.

त्या वाक्यानं पुढं गावात संसार थाटला. पारावर कुणी काही विचारलं की उत्तर यायचं, "सरळ जा, सांगतेत." आणि मी वर्गात एकदा, मुद्दाम नाही, पण अडवलंही नाही, पुन्हा 'सांगतेत' म्हणाले. कुणी हसलं तरी यावेळी मला फार लागलं नाही. पडद्यावर जाणारा शब्द होता तो.

यंदा पिक्चर लागला. मराठी पिक्चरला मिळते तशीच वेळ मिळाली होती, दुपारची, जेव्हा नोकरीवाला येत नाही आणि शेतकरीही येत नाही. मी आई-आप्पांना घेऊन गेले. आप्पांनी ती शाल बरोबर घेतली होती. सरकत्या जिन्याशी आई थांबली, "म्या नाय बाई, म्या पायऱ्यांनी येते," आणि पायऱ्या सापडेनात. शेवटी मी दोघांचा हात धरून वर नेलं. थेटर अर्धंही भरलेलं नव्हतं. आप्पांनी आजूबाजूच्या अनोळखी लोकांकडं असं पाहिलं, जसं लग्नात नवरीचा बाप बघतो.

पिक्चर कसा होता ते सांगते. माझं चुकत नाही. सगळं गाव सोन्याच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं पिवळं. वरून उडत्या कॅमेऱ्यानं घेतलेली शेतं इतकी वेळा दाखवली की मला गरगरलं. हिरॉईन इस्त्रीच्या नऊवारीत कापूस वेचत होती, कमरेला वेचणीची ओटी न बांधता, हातात टोपली धरून. आई अंधारात मोठ्यानं म्हणाली, "कापूस हाये का शेवंती?" मागून कुणीतरी हसलं. आप्पा म्हणाले, "गप, आता आपला फाटा येईन."

फाटा आला. मोसंबीची बाग आली. आप्पा आले, पडदाभर. रापलेला चेहरा, कपाळावरची ती एक आडवी शीर, डोक्यावरचा गमछा. आईनं माझा हात गच्च धरला. हिरोनं काच खाली केली. आप्पांनी तोंड उघडलं आणि त्यातून कुणा भलत्याच माणसाचा जाड, खेळकर आवाज आला.

"आवं पावनं, सरळ जावा की वं! वढ्याच्या पल्याड लिंबाचं झाड लागतंया बगा!"

थेटरात बरेच जण हसले. ती जागा हसण्यासाठीच होती, मागं पिपाणीसारखं काहीतरी वाजतही होतं. पडद्यावर आप्पांचे ओठ हलत राहिले, 'सांगतेत' मला त्या ओठांवर दिसलं, पण तोपर्यंत आवाज संपला होता.

आमच्या सात पिढ्यांत कुणी 'लागतंया' म्हटलेलं नाही. त्या बोलीशी माझं भांडण नाही. ज्यांची आहे त्यांच्या तोंडी ती गोडच लागते. पण मराठी पिक्चरवाल्यांना गाव म्हटलं की एकच गाव माहीत आहे, आणि ते आमच्याकडं नाही. एवढंच हवं होतं तर इथपर्यंत कशाला आलात? आणि आमच्या माणसाशेजारी उकिडवं बसून ते सगळं कशाला म्हणालात?

पुढचं मला नीट आठवत नाही. हिरोला गाव सापडलं. शेवटी नावं वर सरकली, त्यात आप्पांचं नाव नव्हतं, पण आप्पांना ते कळायला वेळ मिळाला नाही इतक्या वेगानं सरकली.

बाहेर आल्यावर आप्पा खुशीत होते. शाल नीट करत म्हणाले, "चेहरा बराय की माझा. आवाज तेवढा निराळाच येतो, नाय? मशिनीतून असाच येत असन."

त्यांनी स्वतःचा आवाज कधी बाहेरून ऐकलेला नाही. फोनवर बोलतात तेवढंच. आणि पडद्यावर स्वतःला बघण्याच्या नादात शब्दांकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांना खरंच वाटलं होतं की आपला आवाज जगाला असा ऐकू येतो. मनात आलं, राहू द्यावं असंच. मी म्हणाले, "माझं चुकत असेल, आप्पा, पण..."

"काय चुकत नाय तिचं," आई म्हणाली. "तुमचा आवाज नाय त्यो. रोज ऐकते म्या. दुसऱ्याच कुनाचा तरी हाये."

आप्पा हसले. मग माझ्याकडं वळले. ओट्यावर विचारतात तसंच विचारलं, "खरं सांग बाई."

"व्हय, आप्पा. दुसऱ्या माणसाला बोलायला लावलंय. शब्दबी बदललेत."

"मंग माझा कुटं गेला?"

डब कसं करतात ते मी सांगितलं, काचेच्या खोलीत माणूस पडद्याकडं बघून बोलतो वगैरे. ते ऐकत होते, पण डोळे पॉपकॉर्नच्या मशीनवर होते. मग म्हणाले, "म्हंजे त्यायला नुस्तं तोंड पायजे व्हतं माझं."

शाल त्यांनी घडी करून आईच्या पिशवीत टाकली. आम्ही जालन्याची बस धरली. शेंद्र्याच्या कंपन्या मागं पडल्यावर आईनं पिशवीतून चिवडा काढला, तो आप्पांनी घेतला नाही.

सोमवारी टपरीवर सगळे वाटच बघत होते. मैत्रिणीनं कप आधीच खाली ठेवला होता. "चला, 'चुकत असेल' सुरू करा."

"खोटारडा पिच्चर हाये," मी म्हणाले. "बोलवून नेतेत, तोंडावर वाहवा करतेत, अन् मागं जीभ कापून टाकतेत." कुणी हसलं नाही. एकजण म्हणाला, "अगं, पण गाणी बरी होती म्हणतात." मी चहा संपवून वर्गात गेले.

गावातली पोरं हळूहळू पिक्चर बघून आली. त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. आपल्या गावचा माणूस पडद्यावर दिसला आणि लोक हसले, यात त्यांना आनंदच होता. आता पारावर जुनं वाक्य कुणी म्हणत नाही, नवंच म्हणतात.

परवा शनिवारी मी करमाडला बसमधून उतरले. आप्पा मला घ्यायला आले होते, बसथांब्याजवळच्या हॉटेलात बसले होते. शेजारच्या बाकावरून त्यांच्याच वयाचा एक दोस्त ओरडला, "आवं पावनं! लेक आली बगा! सरळ जावा की वं!" सगळं हॉटेल हसलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, लाडानंच म्हणाला होता.

आप्पा निघता निघता थांबले. गाडीची किल्ली हातातच होती. म्हणाले, "म्या असं नाय म्हनलो."

"बरं बरं, राहू द्या," दोस्त म्हणाला.

"नाय, ऐक. म्या म्हनलो व्हतो, कामून, कुटं जायचं तुमाला? सरळ जा. वढ्याच्या पल्याड लिंबाचं झाड लागन."

दोस्तानं दुसऱ्याकडं बघून डोळा घातला. "झालं सुरू. रोजचंच हाये ह्यांचं," कुणीतरी म्हणालं. कढईत भजी पडली, चर्र आवाज झाला, लोक आपापल्या बोलण्याकडं वळले. आप्पांकडं आता कुणी बघत नव्हतं. मी उभी होते, तेवढीच.

"तिथं कुनालाबी इचारा," आप्पा म्हणाले, आणि भज्यांच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून पुढचा शब्द जरा जोरात म्हणाले, "सांगतेत."