आधी तू खाय

माही सासू चतुराबाई कोणावर भरोसा ठेवे म्हणता? कोणावरच नाही. अकोल्याच्या जिनिंगमध्ये बावीस वर्षं कापूस निवडला तिनं. गाडी आली का ढिगात कोपरापर्यंत हात खुपसे अन् ओरडे, "पाणी मारलं बाप्पा याच्यात!" वजन वाढावं म्हणून लोक कापसावर पाणी मारत, ते तिले हातालेच समजे. घरीई तेच. दुधात बोट, किराण्याच्या पुडीत बोट, माह्या सैपाकात नाक. लग्नाले सहा वर्षं झाली, दोन लेकरं झाली, तरी माह्या हातचं पाणी वास घेऊन पिये. असा राग ये मले!

सन एकसष्टच्या हिवाळ्यात तिचे पाय सुजले. बोट दाबलं का खड्डा पडे. आडवं झालं का दम लागे, म्हणून भिंतीले टेकूनच झोपे. "माह्या अंगात कोणं पाणी मारलं वं?" म्हणे, अन् पाहे माह्याकडेच.

आमचे हे, म्हणजे तिचा देवमन, तिले सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. हृदय थकलं हे तर जुनंच होतं, त्याची गोळी चालूच होती. पण डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही, म्हणून थकल्या हृदयाले दुप्पट पळा लागते. बाटलीनं रक्त चढवावं तर तो भार त्याले झेपत नाही. मीठ बंद करा, अन् या लोखंडाच्या हिरव्या गोळ्या रोज द्या. चुकवल्या तर म्हातारी हाती लागणार नाही.

"लोखंड कोणी खाते काय?" आत्याबाई म्हणाल्या. सासूले मी आत्याबाईच म्हणो. तरी लेकानं आणल्या म्हणून घेतल्या.

आठ दिवसांनी सकाळी परसाकडून आल्या अन् लोटा अंगणात आपटला. "सुनेनं मले काहीतरी चारलं! डांबरासारखं काळं पडून राह्यलं!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं. शेजारची शकुन रोज माह्याकडून विस्तव नेई, तिनं तो नेणं सोडलं. आत्याबाईनं गोळ्या बंद केल्या अन् लेकाले सांगतलं, "हिले चांदूर बाजारले तिच्या माहेरी धाड, नाहीतर मी मरतो."

पंधरा दिवसांत दम असा वाढला का दोन घास खाता येईनात. ती मेली असती तर मीच मारली, हे गल्लीत पक्कं झालं असतं. माही तर झोपच उडाली. एक दिवस डोकं फिरलं. गोळी तिच्यासमोर धरली, "काहून घेत नाही तुमी? जहर आहे काय हे?"

"आधी तू खाय," ती म्हणाली.

खाल्ली मी, तिच्या डोळ्यासमोर. मंग तिनं एक घेतली. दुसऱ्या दिवशीई तसंच, तिसऱ्याई दिवशी. चौथ्या दिवशी मलेई काळं झालं.

आता मात्र मलेई संशय आला. गोळ्या आणते कोण? आमचे हे! मी आत्याबाईले सांगतलं, तर तिचे डोळे बारीक झाले. संध्याकाळी हे आले तं आमी दोघी सासवा-सुना एका बाजूनं बसलेल्या. असं आमच्या घरात पहिल्यांदाच झालं.

"काहून रे," ती म्हणाली, "आमचा दोघीईचा काटा काढून दुसरी करून राहिला काय?"

आमच्या यायचं तोंड लालबुंद. खाली मान घालून म्हणाले, "लोखंडानं काळंच होते म्हणे. डॉक्टरनं मले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, भेऊ नका म्हणून. पण मायजवळ अन् बायकोजवळ असली गोष्ट काढू कशी? लाज वाटली."

"तुया लाजेपायी मी मेली असती ना रे, भल्या माणसा!" म्हणून तिनं हातातला गिलास फेकला. दम लागलेली बाई, तरी नेम बरोबर लागला.

मले वाटलं, संपलं. पण सकाळी गोळी दिली तर पुन्हा तेच, "आधी तू खाय." आता काय कारण? एवढं उघडं पडलं तरी इचा संशय जात नाही! रोज एक गोळी मी गिळो, अन् सोबत राग गिळो. तिची सूज उतरली, ती आडवी होऊन झोपू लागली, तरी तिनं मले एक दिवस सोडलं नाही.

गोळ्या लवकर संपल्या. दवाखान्यात तिच्यासंगं मीई गेली होती. डॉक्टरनं विचारलं, "एवढ्यात कशा संपल्या?" मी मनात म्हटलं, घे, आता इथंई माही इज्जत काढते.

आत्याबाईनं माहा हात वढला अन् टेबलावर ठेवला. "हिचे नखं पाहा. धाकटं झाल्यापासून पांढरेफट्टक आहेत. बावीस वर्षं पांढरं पाह्यलं मी, मले समजते. सासूचं औषध हिनं सांगून खाल्लं असतं काय? म्हणून लोखंडाचं समजल्यावरई आधी हिलेच चारली. आता हिच्या नावाच्या येगळ्या द्या."

मले तिथंच रडू आलं. रागई आला, का बाई, एक शब्द तर बोलाचा होता!

घरी आल्यावर तिले पाणी दिलं. तिनं वास घेतला, मंग प्याली.