साहेबाच्या अंगणातली हरळी

परळला आम्ही ज्या बंगल्याच्या गॅरेजमागे राहायचो, त्याच्या पुढ्यात एवढी मोकळी जमीन होती की दोन चाळी तीत आरामात उभ्या राहिल्या असत्या. एका कुटुंबाला एवढी जमीन लागते कशाला, हे मी तेव्हा पत्रकांतून विचारत होते, अजूनही विचारते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. मी घरोघर पत्रकं वाटायची आणि माझी आई त्या जमिनीवर साहेबासाठी गवत पेरायची.

वडील तिथले माळी. ते वारल्यावर बंगल्याच्या कारभाऱ्याने आईला बजावलं, "दिवाळीनंतर साहेबांचे विलायतेचे पाहुणे येणार. तोवर इथे हिरवळ दिसली पाहिजे. दिसली तर माळ्याची जागा कायम तुझी, खोलीही तुझी. नाही तर खोली सोड." हिरवळ बियाण्यापासूनच हवी, एकसारखी येते म्हणे. बियाणं कसलं? हरळीचं! आमच्या मालवणकडे जी शेतातून खणून बांधावर फेकतात, ती इथे पिशवीत भरून विकत आली होती.

मी भडकले. "इथे माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि तू गवताची बडदास्त ठेवणार?"

"मुंबय मगे घे गो," आई म्हणाली. "आधी खत चाळ."

चाळलं. करणार काय? खोली गेली तर जायचं कुठे, याचं उत्तर माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. लालबागच्या तबेल्यातून शेणखत आणलं, दगड वेचले, ढेकळं फोडली. बी इतकं बारीक की आईने ते वाळूत कालवलं आणि आधी उभं, मग आडवं फेकलं. वर कॉटन ग्रीनच्या गोदामातली जुनी गोणपाटं अंथरली. चिमण्यांना हाकलून हाकलून माझा घसा बसला. त्यापेक्षा मोर्च्यात कमी बसतो.

मग कोंब आले. आई गोणपाट उचलून बघायची आणि हलकेच परत ठेवायची.

गोणपाटं काढली तसं तणही माजलं. डिलाईल रोडच्या माझ्या चळवळीतल्या बाया गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी मदतीला आल्या. सगळ्या कोकणातल्या, भातातलं तण बेणण्यात हात मुरलेले. आई म्हणाली, "तण काढा," आणि ती नि मी खताची पाटी आणायला गेलो. परत येऊन बघतो तर फाटकाजवळचा अख्खा तुकडा बोडका! कडेला हिरवे ढीग रचलेले.

"ह्या काय केलात?" आई किंचाळली.

त्यांतली थोरली मावशी अभिमानाने म्हणाली, "सगळी हरळी मुळासकट काढली. एक काडी ठेवूक नाय."

"अगो बायांनो, तीच तर पेरलेली असा!"

"हरळी? पेरलेली?" मावशी मटकन खाली बसली. "ह्या साहेबाक वेड लागला काय गो?"

हसावं की रडावं कळेना. मी रागाने म्हटलं, "जाऊ दे खोली. आपण यांच्या गवताचे गुलाम नाही." आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने ढिगातली एक मूठ पाण्यात बुडवली, बोटाने भोक पाडलं आणि पहिली काडी खोचली. मावशीने लुगड्याचा काष्टा घट्ट केला. मग सगळ्याच ओणव्या झाल्या, गावच्या भातलावणीसारख्या, एका ओळीत मागे मागे सरकत. मीही. अंधार पडेपर्यंत तो तुकडा लावून झाला होता.

हरळी ती! तिला मरायचं ठाऊक नाही. पंधरवड्यात ओळी दिसू लागल्या, दिवाळीपर्यंत तिने हातपाय पसरून ओळी बुजवल्या.

पाहुणे यायच्या आठवड्यात कारभारी पाहणीला आला. चालला, वाकला, खूश झाला. आईने नोकरीचं विचारलं, तर म्हणाला, "पाहुणे जाऊ देत, मग बघू."

मी तोंड उघडणार होते. आयुष्यभर पुरेल एवढं बोलायचं होतं मला. पण आईने हातातली झारी खाली ठेवली.

"मग पाणीपण तुमीच घाला," ती म्हणाली आणि खोलीत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

ऊन कडक होतं. पहिल्या दिवशी कारभाऱ्याने मोटारीच्या ड्रायव्हरला पाणी घालायला लावलं. त्याने एका जागी डबकं केलं, बाकीचं कोरडं. दुसऱ्या दिवशी कडेची हिरवळ पिवळी पडली. मी खोलीच्या दारातून बघत होते आणि खरं सांगते, माझाच जीव तुटत होता. आम्ही लावलेली होती ती.

"आये, मरतली ती," मी म्हटलं.

"माका दिसता," आई म्हणाली. उठली मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कारभारी स्वतः खोलीच्या दाराशी आला. "कायम," तो म्हणाला. "उद्यापासून."

"आजपासून," आई म्हणाली. "आणि खोली?"

"खोलीपण. आता ऊठ, बाई!"

ती उठली.