पाडव्याची म्हैस

ऑइल पेंटचा डबा उघडला, की मला काही वर्षांपूर्वीची दिवाळी पाडव्याची सकाळ आठवते. परदेशातल्या चित्रकारांच्या शिबिराला जाता यावं म्हणून मी शिष्यवृत्तीचा अर्ज करत होते. त्यांना कामाचे फोटो हवे होते, आणि माझं काम म्हणजे पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीसाठी रंगवलेली आमची म्हैस. हे पाठवावं का, अशी धाकधूक होती.

माझे वडील, आबा, म्हशीचा कासरा धरून उभे होते. "हलू नगंस गं, पोरीला फॉरेनला जायाचं हाय," त्यांनी तिला दटावलं. मी फोटो काढला. मग तिची मान खाजवत त्यांनी तिलाच विचारलं, "जाऊन परत यील न्हवं ही?"

मला थट्टा वाटली. मी हसले.

शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा आबांनी गल्लीभर पेढे वाटले. तो प्रश्न मात्र त्यांनी मला कधीच विचारला नाही, हे मला तिकडे पोचल्यावर उमगलं.