मिस्त्रीची लेक

मिरकरवाडा बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक ख्रिस्ती मिस्त्री आहे. इंजिनावर तळहात ठेवून तो आधी डोळे मिटतो, मगच पाना उचलतो. कुणी आपलं दुःख सांगितलं की म्हणतो, "देवाची योजना असते हो."

गेल्या वर्षी त्याची एकुलती एक लेक आठ दिवसांच्या तापात गेली. दफनानंतर सगळे पांगले, तरी तो कबरीवरची माती हातांनी दाबत राहिला. मला राहवेना.

"ही कसली योजना, मिस्त्री?"

"म्हायत नाय," तो मान वर न करता म्हणाला. "पण त्याच्याशिवाय कोणाच्या हवाली करू तिला? तुम्ही सांगा."

मग त्यानं मान वर केली. तो खरोखरच उत्तराची वाट बघत होता.