फॉसिल पाहायला आप्पाकाका

फील्डवरून परतताना आम्ही दगडांची पोती जीपमध्ये चढवतो. किस्से आपोआप चढून बसतात. दगडांवर नंबर टाकून ते कपाटात तरी बंद करता येतात. किस्से चहाच्या टपरीवर पुन्हा पुन्हा बाहेर निघतात आणि दर वेळी थोडे वाढलेले असतात. मी बनारसमध्ये भूविज्ञानात एमएस्सी करते. आमच्या सलखनच्या ट्रिपचे किस्से मात्र वाढवावे लागत नाहीत, कारण तिथे वर्गाबरोबर माझे आप्पाकाका होते.

आप्पाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमचं घर बनारसच्याच बालाजी घाटाजवळ. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी काका करतात. आणि सलखन म्हणजे रॉबर्ट्सगंज ह्या लहानशा गावाजवळची उघडी, तापलेली टेकडी. खाली घळी, वर खडकांत गोल गोल रेघा, कापलेल्या कोबीसारख्या. जुन्या समुद्रातल्या सूक्ष्म जीवांनी थरावर थर चढवून केलेले फॉसिल आहेत ते.

मुलीने तीन दिवस घळींतून हिंडणं घरात कोणालाच पटेना. मी म्हटलं, "मग दगडांना घरी बोलावू का?" बाबा भडकले. शेवटी काकांनीच तोड काढली. ते स्वतः येणार, बघणार, आणि पुढच्या वर्षी महिनाभराच्या कॅम्पला मला एकटीला पाठवायचं की नाही, ते ठरवणार. तो कॅम्प केल्याशिवाय डिग्री नाही. म्हणजे माझी खरी परीक्षा काका घेणार होते, आणि त्यांना सिलॅबस माहीत नव्हता.

०००

रॉबर्ट्सगंजच्या लॉजवर पोचलो. आमचे मिश्रा सर जीन्स आणि टोपीत. काका धोतर, उपरणं, कपाळाला गंध. लॉजवाल्याने एकदा दोघांकडे पाहिलं आणि काकांच्या पाया पडून त्यांना कोपऱ्यातली हवेशीर खोली दिली. सरांना मिळाली हलवायाच्या भट्टीवरची.

सकाळी सर लाल डोळ्यांनी खाली आले आणि मला म्हणाले, "अपने हेड साहब से पूछ लो, क्लास कितने बजे है."

०००

पहिल्याच दिवशी काकांनी टेकडीवर बसायला एक सपाट खडक निवडला. बसण्याआधी जागा शुद्ध करायची म्हणून माझ्या पिशवीत हात घातला. तीत त्यांच्या गंगाजलाची छोटी बाटली होती. तशाच बाटलीत माझं पातळ ॲसिडही होतं. चुनखडीवर त्याचा थेंब टाकला की बुडबुडे येतात; आम्ही खडक असाच ओळखतो.

काकांनी मंत्र म्हणत बाटली शिंपडली. खडक फसफसला. मी धावत जाऊन त्यांचे हात धुतले, बाटली काढून घेतली, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या खडकावर जाऊन बसले.

"तू सांगतेस ते असेल," ते म्हणाले, "पण दगड पापी दिसतोय."

०००

दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळीच अडचण. संकल्प सोडताना आपण कुठे आहोत, कोणत्या नदीच्या तीरावर, हे म्हणायचं असतं. घरी प्रश्नच नाही, दारात गंगा. इथे टेकडीवर नदी कुठली? काका थेट सरांकडे गेले.

सर म्हणाले, नदी तर नाही, पण इथे एके काळी उथळ समुद्र होता.

"कब?"

"सौ करोड़ साल से ज़्यादा हो गए, पंडितजी."

आम्हाला वाटलं, आता वाद होणार. काकांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी हिशेब केला आणि मान डोलावली. "म्हणजे ह्याच कल्पातलं," ते मला म्हणाले; कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, चारशे बत्तीस कोटी वर्षांचा. "मग चालेल." आणि पूर्वेला तोंड करून स्वच्छ आवाजात म्हणाले, "समुद्रतीरे."

सर दिवसभर मुलांना सांगत होते, तुमच्यापेक्षा ह्यांना भूवैज्ञानिक काळ जास्त कळतो.

०००

पण माझा निकाल काही लागेना. मी घळीत उतरले की काका वरून हाका मारायचे. ऊन आहे, डोकं झाक. पाय जपून टाक. मुलांना कोणी काही म्हणत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी खालूनच ओरडले, "काका, तुम्ही घाटावर बसता तेव्हा मी येऊन सांगते का, दर्भ कसा धरायचा?"

वरच्या हाका थांबल्या. मला वाटलं, गेला कॅम्प.

०००

त्याच दुपारी मिर्झापूरकडचं एक कुटुंब टेकडी बघायला आलं. बरोबर एक आजी. तिने खडकातली वर्तुळं पाहिली, शेजारी गंध लावून बसलेले काका पाहिले, आणि हात जोडून विचारलं, "पंडितजी, ये किस भगवान का स्थान है?" एवढ्यात तिने पिशवीतून शेंदराची पुडीही काढली.

सरांचा चेहरा उतरला. काकांच्या तोंडून एका देवाचं नाव निघालं असतं, तर आठवड्याभरात त्या फॉसिलवर तेल, शेंदूर आणि नारळाचे ढीग पडले असते.

काशीत प्रत्येक मुलखाचे पुरोहित, म्हणजे पंडे, ठरलेले असतात. दुसऱ्याचा यजमान चुकून दारात आला, तर त्याला पाणी द्यायचं आणि योग्य घर दाखवायचं. काकांनी जन्मात दुसऱ्याच्या यजमानाचं काम केलेलं नाही.

ते उठून उभे राहिले. "माताजी, मैं तो दूसरे घाट का आदमी हूँ," ते म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "यहाँ की पंडा ये हैं. इनसे पूछिए."

माझ्या बुटांवर धूळ, कमरेला हातोडी. आजीने मलाही हात जोडले. मग मी तिला सगळं सांगितलं: समुद्र, ते डोळ्यांना न दिसणारे जीव, त्यांनी हवेत सोडलेला प्राणवायू, ज्याच्यावर पुढे आपण सगळे जगलो. काका इतर यात्रेकरूंसारखे खाली बसून ऐकत होते. आजीने शेंदराची पुडी परत पिशवीत ठेवली.

जाताना तिने काकांना हळूच विचारलं, "बिटिया यहाँ अकेली आती है?"

"और क्या," काका म्हणाले. "पंडा अपने घाट पर अकेला ही बैठता है."