घाटाअलीकडे थांबलेली मिठाची वाट

देवसिंग गुरुजींची आणि माझी पहिली भेट पुसदच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. धम्मदीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात मी तिथे शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. तीन घरांनी मला खोली दाखवली आणि आडनाव कळताच तिन्ही घरी पाहुणे यायचे निघाले. गुरुजींच्या कानावर हे गेले. त्यांनी माझी ट्रंक उचलली आणि आपल्या घराच्या पुढच्या खोलीत नेऊन ठेवली. त्या खोलीत मी लग्न होईपर्यंत राहिलो.

गुरुजी तांड्यात जन्मलेले, इतिहासाचे शिक्षक. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून घाट उतरत आणि कोकणकिनाऱ्यावरून मीठ घेऊन वऱ्हाडात परतत. आगगाडी आली, ते काम बुडाले. त्या वाटा सांगणारी माणसेही संपत आली होती. म्हणून गुरुजी दर रविवारी सायकलने तांड्यांवर जात, जुन्या मुक्कामांची नावे उतरवून घेत. बहुधा मी सोबत असे.

अशाच एका तांड्यावर हिरीबाई भेटल्या. वय नव्वदीच्या घरात. लहानपणी त्या शेवटच्या खेपेबरोबर समुद्रापर्यंत गेल्या होत्या. त्या वाटेने गेलेले दुसरे कोणी आमच्या भागात उरले नव्हते. एकामागून एक मुक्काम त्या न अडखळता सांगत गेल्या. घाट जवळ आला तशा गप्प झाल्या.

"तिथं माह्या मायले ताप आला. मांगून येतो म्हणे, तुमी व्हा पुढं. तांडा कोनासाठी थांबत नव्हता," त्या म्हणाल्या. "आता पुढचं इचारू नोको, बाप्पा."

गुरुजींनी वही मिटली.

नवे राज्य झाल्यावर शहरातल्या एका अभ्यासमंडळाने राज्यातील जुन्या व्यापारी मार्गांचा ग्रंथ काढायचे ठरवले आणि गुरुजींचे टिपण मागवले. नकाशात घाटाजवळ वाट तुटते. ती अंदाजाने जोडा किंवा त्या बाईंना पुन्हा विचारा, असे त्यांचे पत्र आले. गुरुजींनी दोन्हींना नकार कळवला. मला राग आला. एका म्हातारीच्या दुःखापायी तुम्ही साऱ्या समाजाचा इतिहास बुडवता आहात, असे मी त्यांना तोंडावर सुनावले.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "हिरीबाईंनी नको म्हटलं आहे. तांडा त्यांच्या आईसाठी थांबला नाही. आपण निदान यांच्यासाठी थांबू."

पुढच्या उन्हाळ्यात हिरीबाई गेल्या. ग्रंथ निघाला, त्यात बंदरे होती, घाट होते, वऱ्हाड नव्हते. गुरुजींनी तो भिंग लावून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि शाळेच्या कपाटात ठेवून दिला. हा तोटा त्यांनी जाणूनबुजून पत्करला होता; मी बोललो ते चुकीचे होते, हे मला तेव्हा कळले. पण त्यांची क्षमा मागायला मला आजचा दिवस उजाडावा लागला. त्यांच्या या गौरवांकातून ती मागतो.

गुरुजींना साठ वर्षे पूर्ण झाली. डावा डोळा गेला आहे. उजवाही फार दिवस साथ देणार नाही, असे डॉक्टर सांगतात. समुद्राकडे जाणाऱ्या वाटा शोधण्यात ज्यांची उमर गेली, त्यांनी समुद्र अजून पाहिलेला नाही. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्यांना किनाऱ्यावर नेणार आहोत. गुरुजींना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभावे, ही आम्हा सर्वांचीच इच्छा आहे. पण तूर्त माझे मागणे एवढेच, की दिवाळीपर्यंत तो डोळा टिकावा.